वजीफा, दाखला आणि अंगठा

शिष्यवृत्तीला आमच्या घरात वजीफा म्हणत. शब्द मूळचा अरबी. त्याचे दोन अर्थ आमच्या दादीला ठाऊक होते. नमाजानंतर तसबीहच्या मण्यांवर रोज नेमाने जे पठण करायचे, तो एक वजीफा. आणि शिकणाऱ्या पोराला सरकारकडून नेमाने जो पैसा मिळतो, तोही वजीफाच. १९८८ साली मी कॉलेजात नाव घातले. दर शनिवारी गावी आलो की दादी विचारी, "वजीफा आया क्या रे?" मी मान हलवली की ती म्हणे, "आयेगा. मैं पढ रइ." तिकडे मी अर्ज भरत होतो आणि इकडे ती मणी ओढत होती. दोघांचे काम एकाच नावाचे होते, आणि दोघांनाही पलीकडून उत्तर येत नव्हते.

आज या वजीफ्याचाच इतिहास थोडक्यात सांगायचा आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण ज्या अर्जांनी माझे आणि माझ्या सोबत्यांचे आयुष्य इकडचे तिकडे केले, ते अर्ज आले कुठून, हे शोधावेसे वाटले.

गरीब विद्यार्थ्याला पोसण्याची रीत आपल्याकडे सरकारी खात्यांच्या फार आधीची आहे. वेदशाळेतला मुलगा माधुकरी मागे, किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मशिदीच्या ओसरीवर शिकणारा तालिबे-इल्म मोहल्ल्यातून येणाऱ्या भाकरीवर वाढे. रीत दोन्हीकडे चांगली होती आणि तिची वेसही दोन्हीकडे होती. वार लागायचा तो ठरावीक जातीच्या मुलाचा, आणि मशिदीतली भाकरी होती दीनी तालीम घेणाऱ्यासाठी. कुणब्याचा, महाराचा, गवंड्याचा मुलगा हिशेब-व्याकरण शिकायला निघाला, तर त्याच्यासाठी कोणत्याच दारात ताट वाढून ठेवलेले नव्हते.

आपला बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. संस्थान वजीफे देत असे, आणि मर्जी झाली तर सढळ हाताने देत असे. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, १८९५ साली विलायतेला शिकायला गेल्या त्या निजामाच्याच वजीफ्यावर. तेव्हा त्या १६ वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील अघोरनाथ हैदराबादेतले नामांकित शिक्षणतज्ज्ञ. मुलीची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. पण ती बुद्धी दरबारच्या नजरेच्या टप्प्यात होती, हेही खरे. मोमिनाबादेतल्या एखाद्या बुद्धिमान मुलीकडे कोण बघणार होते?

एक गैरसमज इथेच दूर करतो. राज्याची भाषा उर्दू होती, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून होते, म्हणून मराठवाड्यातले मुसलमान शिकले-सवरले, असे पुष्कळांना वाटते. जहागीरदारांची मुले शिकली असतील. माझे आजोबा गवंडी होते. त्यांनी दुसऱ्यांच्या माड्या उभ्या केल्या आणि मजुरीच्या कागदावर सहीच्या जागी जन्मभर अंगठा लावला. राजा आपल्या धर्माचा असला, तरी शाळा आपल्या गल्लीत येत नाही.

राजाचा वजीफा राजाच्या अटींवर असतो. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून संप केला. तो हैदराबादला उस्मानियापर्यंत पोचला आणि शेकडो विद्यार्थ्यांना विद्यापीठाने काढून टाकले. राहायची खोलीही गेली आणि पदवीही. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले म्हणून त्यांचे शिक्षण तरले. त्या मुलांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते. हातावर दिलेले काढून घेता येते, हा धडा मराठवाड्याच्या विद्यार्थ्यांनी असा घेतला.

इंग्रजी मुलखात शिष्यवृत्त्या गुणांवर मिळत. हे न्यायाचे वाटते. पण जोतीराव फुल्यांनी त्यातले वर्म १८८२ सालीच ओळखले होते. हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांबद्दल लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे, की ज्या वर्गांना विद्येची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच ही पद्धत हात देते. ज्यांच्यात शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवाव्यात. चढाओढीने वाटणे तत्त्वाला धरून असेल, पण त्याने इतरांत विद्येचा प्रसार होत नाही. हे निवेदन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच ती मागता येत नाही, हे जोतीरावांनी इतक्या आधी सांगून ठेवले होते.

ही गोष्ट ज्यांना कळली, त्यांनी आधी राहण्या-जेवणाची सोय केली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०६ साली मुसलमान मुलांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तेव्हा तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना श्रमाच्या मोबदल्यात शिकवले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना बी.ए.साठी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली अमेरिकेला धाडले ते महिन्याला साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, असा करार करून.

या गोष्टीतल्या एका माणसाकडे आपले लक्ष जावे असे मला वाटते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर. ते शिक्षक होते, लेखक होते. सयाजीरावांच्या कानावर या मुलाचे नाव त्यांनी घातले. पैसा राजाचा होता, पण राजा आणि मुलगा यांच्यामध्ये केळूसकर गुरुजी उभे नसते तर तो पैसा त्या मुलापर्यंत पोचला असता का? आणि पुढचेही विसरू नये. १९१७ साली आंबेडकर करार पाळायला बडोद्याला गेले, तर त्या शहरात त्यांना कोणी राहायला जागा देईना. शिष्यवृत्तीने माणूस कोलंबिया विद्यापीठापर्यंत पोचला. भाड्याच्या खोलीपर्यंत पोचू शकला नाही.

बाबासाहेबांनी हे सारे अंगावर घेतले होते, म्हणूनच मर्जीच्या जागी कायमची योजना आणण्याचा आग्रह त्यांनी धरला. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यातून उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून ती योजना चालू झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून आज आपण जी ओळखतो, तिचे मूळ तिथे आहे. कोणाच्या दरबारात न जाता, ठरलेल्या अर्जावर, ठरलेल्या हक्काने मिळणारा पैसा. वजीफा या शब्दाला तेव्हा कुठे हक्काचा अर्थ आला.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर दुसरी मोठी घटना १९५० सालची. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तोवर आपल्याकडच्या मुलाला पदवी हवी तर हैदराबाद गाठावे लागे. आता बीड, परभणी, नांदेडकडची मुले पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात उतरू लागली. हातात शिष्यवृत्ती आणि डोक्यावर वसतिगृहाचे छप्पर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते मराठी साहित्याने पाहिले आहे. 'अस्मितादर्श' चालवणारे गंगाधर पानतावणे त्याच परिसरातले. मी मराठीत लिहू लागलो त्या वाटेवर त्या मंडळींची पावले आधीच उमटलेली होती.

तिसरी घटना १९५९ सालची. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते आणि मराठवाडा १९५६ पासून त्या राज्यात होता. ज्याच्या पालकाचे वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी त्याला फी माफ, अशी सवलत त्यांच्या सरकारने दिली. हीच ती ई.बी.सी. महिन्याला १०० रुपयांच्या आत घर चालवणाऱ्याने जात सांगायची नाही, पहिला नंबर दाखवायचा नाही. फक्त उत्पन्न दाखवायचे. केवढी मोठी गोष्ट! खेड्यापाड्यांतली किती घरे या तीन अक्षरांवर पदवीधर झाली, याची मोजदाद व्हायला हवी. बीड-अंबाजोगाईच्या कॉलेजांचे वर्ग त्या मुलांनी भरले.

पण 'फक्त उत्पन्न दाखवायचे' म्हणताना आपण एक पायरी सोडतो. उत्पन्न दाखवायचे कसे? ज्याला पगार आहे त्याच्याकडे पगारपत्रक असते. ज्याचे काम हातावरचे, त्याने काय दाखवावे? जोतीरावांच्या वेळी आडवे येत होते गुण. आता आडवा आला दाखला.

१९८८ च्या पावसाळ्यात मी अब्बांना घेऊन तलाठ्याकडे गेलो. आमचे गाव धारूरच्या डोंगरपट्ट्यातले. अब्बाही गवंडीच. तलाठ्याने विचारले, "मिस्त्री, वर्षाला किती सुटतात?" अब्बा म्हणाले, "पोट भरतं, साहेब." तलाठी हसला. म्हणाला, "पोट भरतं असं लिहिता येत नाही. आकडा सांगा." अब्बांना आकडा सांगता येईना. काम लागले तर आठ दिवस लागे, नाही तर महिना कोरडा. शेवटी तलाठी म्हणाला, "गरीब आहात, एवढं तर म्हणाल?" अब्बा गप्प राहिले. त्यांनी आयुष्यात कुणापुढे हा शब्द उच्चारला नव्हता. घरी जेवायला माणूस आला तर भाकरी मोडून देणारे ते. आपण गरीब आहोत हे त्यांनी मुलादेखत कसे म्हणावे? तलाठ्यानेच मनाने आकडा लिहिला, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. परतताना अब्बा एवढेच म्हणाले, "तू शिक. पुढं कुणाच्या बापाला असं विचारू नको."

तो दाखला घेऊन मी कॉलेजात गेलो. कॉलेजचे नाव सांगत नाही. त्याने काही फरक पडत नाही. कारकुनाने कागद उजेडात धरला. शिक्का फाकला होता, गोल पुसट होता. "नवीन आणा." नवीन आणेपर्यंत तारीख गेली. त्या वर्षीची माझी फी आमच्या मराठीच्या सरांनी भरली, आणि मी कधी परत करू नये म्हणून पावती स्वतःजवळ ठेवून घेतली. मला माझे केळूसकर गुरुजी भेटले. सगळ्यांना भेटत नाहीत.

माझ्या शेजारी बाकावर आमच्याच गावचा एक सोबती बसे. गणितात माझ्या चार पावले पुढे. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जात. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाडी भरून निघायचे, ते उन्हाळ्यात परत. त्या वर्षी अर्जाची मुदत दिवाळीनंतर संपत होती आणि त्याचे वडील सांगलीकडच्या फडात होते. अर्जावर पालकाची सही नाही तर अंगठा हवा होता. त्याने अर्ज एका ट्रक ड्रायव्हरबरोबर धाडला. अर्ज परत येईना. त्याने दुसरा कोरा अर्ज घेतला आणि शेवटच्या दिवशी मला बाजूला नेऊन म्हणाला, "तू लाव अंगठा. माझ्या बापाचा अन् तुझा अंगठा काय येगळाय? कोण बघतंय?"

मी लावला नाही. खोटे करायचे नाही, असे मी स्वतःला सांगितले. खरे सांगायचे तर मी भ्यालो. आधीच एकदा माझा कागद उजेडात धरला गेला होता. पुढच्या हंगामात त्याच्या वडिलांबरोबर तोही गेला. लग्न झाले आणि त्याचा स्वतःचा कोयता झाला. अर्ज घेऊन गेलेला ड्रायव्हर महिनाभराने आला. अर्जावर अंगठा अगदी स्वच्छ उमटला होता. तारीख मात्र उलटून गेली होती. या गोष्टीवर मी कधी कविता लिहिली नाही. लिहिता आली नाही.

त्यानंतर पुष्कळ बदलले, आणि बदल नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मुसलमानांपुरते सांगायचे तर २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, आमच्या घरातली निरक्षरता आणि गळती सरकारी आकड्यांत पहिल्यांदा एवढी उघड मांडली गेली, आणि २००७-०८ पासून केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्यांतली पहिली ते आठवीच्या मुलांची २०२२ मध्ये बंद झाली. संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी थांबली. म्हणजे दिलेले काढून घेता येते, हा १९३८ चा धडा अजून शिळा झालेला नाही. ई.बी.सी.ला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि उत्पन्नाची मर्यादा चढत ८ लाखांवर गेली. २०१८ पासून राज्याचे अर्ज महाडीबीटीवर आले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. २०२४ साली आर्थिक दुर्बल आणि मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. १२०० रुपयांपासून इथवर आपण आलो, ही लहान चाल नव्हे.

आणि तरीही मागच्या हिवाळ्यातली गोष्ट ऐका. त्याच माझ्या सोबत्याची धाकटी मुलगी संध्याकाळी घरी आली. "चाचा, अर्ज भरायचाय." मी चष्मा लावला आणि तिच्या मोबाइलसमोर बसलो. दाखला होता, गुणपत्रक होते, बँकेचे पुस्तक होते. यंत्राने आधार क्रमांक मागितला, तोही दिला. मग यंत्र म्हणाले, तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. आधारला जोडलेला मोबाइल बापाजवळ होता. बाप कर्नाटकात, उसाच्या फडात.

तिने फोन लावला. दिवसभर लागला नाही. रात्री दहाला माणसे कोपीवर परतली तेव्हा लागला. ओटीपी गेला. बापाला वाचता येत होते, पण चाळिशीचा चष्मा गावी राहिलेला आणि कोपीत उजेड नाही. त्याने शेजारच्या कोपीतले पोर उठवले. पोर आकडे वाचेपर्यंत वेळ संपली. पुन्हा पाठवला. दुसऱ्या वेळी एक आकडा चुकला. तिसऱ्या वेळी पोराने सहाही आकडे मोठ्याने, एकेक करून सांगितले आणि अर्ज पुढे सरकला. पलीकडून माझा सोबती म्हणाला, "झालं का रे?" मी म्हणालो, "झालं." तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बरं झालं. या बारीला तू होतास."

त्याच्या मनात काय होते ते मी विचारले नाही.

अंगठ्याची जागा आता सहा आकड्यांनी घेतली आहे. पण तो अंगठा आणि ते आकडे, दोन्ही त्याच उसाच्या फडात आहेत, आणि मुदत आजही तो फड बघून ठरत नाही. आपल्या जिल्ह्यातून लाखांच्या घरात माणसे दरवर्षी ठरावीक वेळी जातात, ठरावीक वेळी येतात. हे गुपित नाही. कोणत्या गावातून किती कोयते निघणार, हे मुकादमाला श्रावणातच माहीत असते, कारण त्याने उचल वाटलेली असते. मुकादमाला जे श्रावणात कळते ते शाळेला, कॉलेजला, तलाठ्याला कळायला काय हरकत आहे? दाखले गाड्या निघायच्या आधी गावच्या चावडीवर बसून देता येतील. घरातल्या शिकणाऱ्या मुलाचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घेता येईल. प्रत्येक कॉलेजात एक माणूस असा नेमता येईल, ज्याचे काम अर्ज उजेडात धरून परत करणे नसेल. तो पुरा करून घेणे हे असेल. यासाठी नवी योजना लागत नाही. जोतीरावांनी सांगितलेले एवढेच लक्षात ठेवावे लागते, की जो दारापर्यंत येऊ शकत नाही त्याच्याकडे आपणच जायचे असते.

या दिवसांत माझ्या ओसरीवर संध्याकाळी चार-सहा मुले येतात. मला यंत्रातले फार कळत नाही. त्यांनाच जास्त कळते. मी फक्त तारखा लिहून ठेवतो आणि दिवाळीच्या आधी कुणाचे आई-बाप निघणार आहेत ते विचारून घेतो. सोबत्याच्या मुलीचा अर्ज मंजूर झाला. पैसे अजून यायचे आहेत. ती शनिवारी गावी आली की मीच विचारतो, "आला का गं वजीफा?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)